भिंतीतली मोरी

सकाळचा चहा झाला की रामनाथ काठी घेऊन खाली उतरायचा आणि पार्किंगच्या पार टोकाला, सोसायटीचा रस्ता जिथे भिंतीला जाऊन आपटतो तिथे, प्लास्टिकचं बुटकं स्टूल टाकून बसायचा. काठीनं भिंतीवर दोनदा ठोकायचा. पलीकडून दगडानं दोनदा ठोकल्याचा आवाज आला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. मग तो वाकून भिंतीच्या पायाशी असलेल्या मोरीत तोंड घालायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "उठलीस का?"

"उठली नसती तर ठोकला कोनी असता?" पलीकडून बहीण म्हणायची.

नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, म्हातारा भिंतीशी बोलतो. जुन्यांना माहीत होतं, पण म्हाताऱ्याचा मुलगा शैलेश सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून कुणी हसायचं ते घरात जाऊन.

मोरी हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिच्यातून माणूस दिसत नाही, पाय दिसतात. गेली दोन वर्षं रामनाथनं दमयंतीचा चेहरा पाहिला नव्हता, त्याआधीची नऊ वर्षंही नव्हता, पण तिचे पाय त्याला पाठ झाले होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं. घोट्यांवर सूज. ती सूज पावसाळ्यात वाढली तेव्हा त्यानंच तिला दवाखान्यात जा, जा म्हणून भंडावून सोडलं. तिला त्याच्या चपला दिसायच्या. "दादा, अंगठा तुटलाय, शिवून घे. नायतर पडशील आनि नाव माझा होईल," ती म्हणायची.

ही भिंत सरकारनं बांधली नव्हती, बिल्डरनंही नाही. ती रामनाथनं बांधली होती, स्वतः उभं राहून.

कुंभवलीच्या अलीकडे त्यांच्या बापाची वाडी होती. नारळ, केळी, चिकू, मधे विहीर. विहिरीच्या कडेनं पाण्याचा पाट निघायचा आणि पाटाच्या काठानं पायवाट. वाडीच्या पलीकडच्या टोकाला एक लहान घर होतं. दमयंतीचा नवरा मनोरला वारला, पोरबाळ नव्हतं, तेव्हा बापानं तिला त्या घरात आणून ठेवलं. रामनाथच्या घरापासून तिचं घर चाळीस पावलं. रोज संध्याकाळी इकडची वाटी तिकडे आणि तिकडची इकडे व्हायची.

मग बाप गेला, आणि दमयंतीनं आपला हिस्सा मागितला.

कायद्यानं तिचा होताच. पण आपल्याकडे बहिणीनं हिस्सा मागायचा नसतो. तिनं तलाठ्याकडे जाऊन हक्क सोडल्याची सही करायची असते आणि भावानं तिला साडी घेऊन गप्प बसवायचं असतं. दमयंतीनं सही केली नाही. "भाऊ हाय तोवर ठीक हाय, भावजय नि पोरं मला विचारतील याची खात्री काय?" असं ती चारचौघांत म्हणाली, आणि रामनाथच्या मस्तकात तिडीक गेली. वाटणी झाली. हातात कागद घेऊन तो अंगणात उभा राहिला आणि आईची शपथ घेऊन म्हणाला, तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, आणि तिचं कुणी माझ्या वाडीतून जाणार नाही.

पुढे बोईसर पसरत पसरत त्यांच्यापर्यंत आलं. कारखाने वाढले, माणसं वाढली, आणि वाड्या एकेक करून गेल्या. प्रत्येक वाडीवाल्यानं आपापला तुकडा वेगळ्या बिल्डरला दिला, प्रत्येक बिल्डरनं आपलं गेट केलं, गेटवर वॉचमन बसवला आणि आतला रस्ता शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत नेऊन तोडला. आज तिथे पंधरा सोसायट्या आहेत नि पंधरा रस्ते, आणि एकही दुसऱ्याला भेटत नाही. शेजारच्या गच्चीवरचे कपडे ओळखू येतात, पण शेजारी जायचं तर रिक्षा करावी लागते.

रामनाथच्या बिल्डरला खरं तर रस्ता पुढे न्यायचा होता. दमयंतीच्या बाजूनं चाळी उठत होत्या, तिकडूनही एक रस्ता हद्दीपर्यंत येत होता. दोन्ही टोकं जुळली असती. रामनाथनं जुळू दिली नाहीत. वाडी विकताना त्यानं हद्दीलगत एक फुटाची पट्टी स्वतःच्या नावावर ठेवली. लांबी इकडून तिकडे, रुंदी फक्त फूटभर. त्या पट्टीवर त्यानं साडेसात फुटांची भिंत घातली आणि वरचं सिमेंट ओलं असताना बाटल्यांच्या काचा आपल्या हातानं रोवल्या. एक काच बोटात घुसली तेव्हासुद्धा त्याला बरंच वाटलं होतं.

फक्त एका जागी तो अडला. गवंड्यानं विचारलं, "शेठ, हा जुना पाट बुजवू ना?" वाडीवाल्यांत भांडण कितीही होवो, कोयते निघोत, कोर्टात जावो, पण दुसऱ्याचं पाणी कुणी अडवत नाही. पाणी अडवणाऱ्याच्या घरी लोक पाणी पीत नाहीत. विहीर तर बिल्डर बुजवणार होता, पाटात पुन्हा थेंब येणार नव्हता, हे रामनाथला चांगलं माहीत होतं. तरी हात धजला नाही. "तिथे मोरी ठेव," तो म्हणाला. एवढा राग आणि एवढी अक्कल एकाच माणसात कशी राहते देव जाणे.

नऊ वर्षं त्या मोरीतून फक्त मांजरं ये-जा करत होती. मग रामनाथची बायको मंगला गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात करमेना म्हणून तो खाली टोकाला जाऊन बसला होता. मोरीपलीकडून कुणीतरी मांजराला बोलवत होतं. मांजर इकडे त्याच्या पायाशी.

"कोन हाय तिकडे? माझी मनी हाय का?"

रामनाथनं आवाज ओळखला. तो मोरीशी वाकून म्हणाला, "मी हाय."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. "वहिनीला बघायला येनार होते रे," दमयंती म्हणाली, "पन तू हाकलून दिलं असतं तर मेलेल्या बाईसमोर तमाशा झाला असता."

तेव्हापासून सकाळची टकटक सुरू झाली. मोरीतून काय काय गेलं म्हणून सांगावं! डब्यात घातलेली खीर, पापड, गुडघ्याला लावायचं तेल, एकदा तर आख्खी केळफुलाची भाजी. रामनाथ म्हणायचा, "रिक्षा करून येतो एक दिवस." तर ती म्हणायची, "नको. फिरून साडेतीन किलोमीटर येनारा तो पाव्हणा. तू येशील तर पाटाच्या वाटेनं ये. शपथ तू घेतलीस, भिंत तू घातलीस, तर मोडायची पन तूच."

यंदा श्रावणात ती म्हणाली, "दादा, या भाऊबीजेला माझ्याकडे जेवायला ये. पुढच्या वर्षाचा काय सांगवत नाय." तिचे पाय त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त सुजलेले दिसत होते.

रामनाथ वर गेला आणि शैलेशला म्हणाला, "पट्टी मी सोसायटीला देऊन टाकतो. मला काय नको. भिंतीत एक दरवाजा पाडा, तीन फुटाचा. भाऊबीजेच्या आत."

शैलेश जेवता जेवता थांबला. त्याला आत्याबद्दल राग नव्हता. त्याला आत्याबद्दल फारसं काहीच नव्हतं. "बाबा, मीटिंगमध्ये विषय ठेवावा लागेल," तो म्हणाला. सून दिशा सासऱ्याकडे बघत राहिली.

मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्येच झाली, भिंतीला पाठ करून खुर्च्या मांडून. रामनाथ इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसला. त्याला वाटलं होतं, पट्टी देतो म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवतील.

चेअरमन मेहुलभाई बोलायला गोड. "काका, तुमच्या भावना समजतात. पण पलीकडे चाळी आहेत. दोन-अडीचशे खोल्या. दरवाजा झाला की सगळी शिफ्ट इथून जाणार, बाइका घालणार. चोरी झाली तर जबाबदार कोण?"

"स्टेशनचा शॉर्टकट होईल हा," दुसरा म्हणाला.

"आम्ही फ्लॅट घेतला तोच रस्ता पुढे बंद आहे म्हणून," एक बाई म्हणाली. "मुलं खेळतात इथे."

"पलीकडची पन मुलंच हायत," रामनाथ म्हणाला. "शाळा आपल्या गेटासमोर. ती पोरं टँकरच्या रस्त्यानं साडेतीन किलोमीटर फिरून येतात. मी बघतो रोज."

"काका, तेव्हा नव्हतं का दिसलं?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. हळू म्हटलेलं नेमकं सगळ्यांना ऐकू गेलं.

रामनाथ उठून उभा राहिला. "भिंत माझी हाय. जागा माझी हाय. मी उद्या गवंडी आणून पाडीन!"

मेहुलभाईंनी शैलेशकडे पाहिलं. शैलेशनं फाईल उघडली आणि खाली बघून म्हणाला, "बाबा, पट्टी तुमची आहे. पण पट्टीपर्यंतचा रस्ता सोसायटीचा आहे. तुम्ही भिंत पाडलीत तर सोसायटी आपल्या हद्दीत दुसरी बांधेल. आणि..." तो अडखळला, "टोकाला चार गाड्यांचं पार्किंग आहे. ते जाईल."

चारांतली एक गाडी शैलेशची होती. भिंतीला नाक लावून ती आत्तासुद्धा उभी होती.

हात वर करायला सांगितले. दरवाजा व्हावा म्हणून दोन हात वर झाले, एक रामनाथचा आणि एक दिशाचा. होऊ नये म्हणून एकतीस. शैलेशनं कोणत्याच बाजूनं हात वर केला नाही, कारण त्याला मोजायचे होते.

जी भिंत रामनाथनं एका माणसाच्या रागानं उभी केली होती, ती आता एकतीस माणसांच्या सोयीची झाली होती. राग शांत होतो, माणूस मरतो, माफ करतो. सोय मात्र कुणी सोडत नाही. हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोरीत वाकून त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. ती हसली. "बघ, तुझा काम किती पक्का हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "जाऊ दे. मोरी हाय ना आपली."

गणपती गेल्यावर पार्किंगमध्ये धामण निघाली. बिनविषारी, घाबरट, उंदरांच्या मागे आलेली. पण बायका किंचाळल्या, ग्रुपवर फोटो फिरले, आणि कुणीतरी शोध लावला की ती मोरीतून आली. रामनाथ गुडघ्याचा एक्स-रे काढायला पालघरला गेला होता. परत येईपर्यंत मोरीत विटा बसल्या होत्या आणि वर सिमेंटचा ओला गिलावा होता.

तो शैलेशवर ओरडला नाही. टोकाला जाऊन उभा राहिला, ओल्या सिमेंटवर हात ठेवला. सिमेंट अजून दाबलं जात होतं; नखानं उकरता आलं असतं. पण आत विटा होत्या. "पानी अडवलं रे," तो म्हणाला. ज्या गोष्टीला त्याचा स्वतःचा हात धजला नव्हता, ती मुलाच्या सहीनं झाली होती, आणि मुलाला त्यात काही वाटण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या लेखी ते भिंतीतलं एक भोक होतं.

आता फक्त टकटक उरली. बोललेलं ऐकू जाईना. दमयंतीला मोबाइलवर बोलायला आवडत नसे, कानात मुंगी शिरल्यासारखं वाटतं म्हणायची. मग दोघांचं ठरल्यासारखं झालं : याची दोन, तिची दोन, म्हणजे ठीक आहे. रामनाथ हट्टानं भाऊबीजेची तयारी करत होता. दिशाला घेऊन पालघरला जाऊन त्यानं बहिणीला साडी घेतली, मोतिया रंगाची, बारीक जांभळ्या काठाची. दरवाजा नाही तर नाही, या खेपेला रिक्षानं जायचं. पाव्हणा म्हणाली तरी पाव्हणा. शपथ त्याच्या मनानं कधीच मोडली होती. आईच्या पाया पडून तिलाही त्यानं तसं सांगितलं होतं, फोटोसमोर.

धनतेरसच्या सकाळी त्यानं दोनदा ठोकलं. पलीकडून आवाज आला नाही. त्यानं पुन्हा ठोकलं. मग काठीनं ठोकतच राहिला, तेव्हा भिंतीपलीकडून एका बाईची हाक आली.

"बाबा! ओ बाबा! नवसी हाय मी!" नवसी म्हणजे चाळीतली भाडेकरीण, दमयंतीचं स्वयंपाकपाणी बघायची. "मावशी गेली ओ. पाटंच्याला गेली. मनोरवरना तिचं दीर आलंत. गाडी केलीय, बाराच्या आत न्यायची म्हनत हायत. माहेरचा लुगडा लागतो, तुमी आना लवकर!"

बाई मेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. म्हातारी असो, विधवा असो, माहेरचं कुणी उरलं असेल तोवर ते त्यानंच आणायचं.

शैलेश पहाटेच कंपनीच्या बसनं गेला होता; कारखान्याला धनतेरस नसते. रामनाथनं कपाटातली साडी काढली. दिशानं रिक्षा थांबवली, तिच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं, त्यामुळे तो एकटाच बसला. रिक्षा गेटातून निघाली, मुख्य रस्त्याला लागली आणि नाक्याच्या अलीकडे थांबली. दिवाळीची खरेदी, टँकर, शिफ्टच्या बसेस, सगळं एकमेकांत अडकलं होतं. पंधरा रस्त्यांची सगळी माणसं त्या एकाच रस्त्यावर येणार, तर दुसरं होणार काय? वीस मिनिटांत रिक्षा वीस हात सरकली नाही.

"चाचा, एक घंटा लगेगा," रिक्षावाला म्हणाला.

अकरा वाजून गेले होते. रामनाथ उतरला. दुखऱ्या गुडघ्यानं तो मागे फिरला, परत गेटातून आत, पार्किंगच्या टोकाला. साडी छातीशी धरलेली. भिंतीपुढे मुलाची गाडी उभी होती. त्यानं काठी टाकली, बॉनेटवर एक गुडघा टेकवला, मग दुसरा. वॉचमन ओरडत धावला, "काका, क्या कर रहे हो!" तोवर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गाडीच्या टपावर उभा होता. पत्रा त्याच्याखाली खचला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला पलीकडचं दिसलं. बापानं लावलेला एक चिकू अजून उभा होता. त्याच्याखाली दमयंती, आडवी. तिचा चेहरा केवढा लहान झाला होता! पाय तेवढे ओळखीचे. पुरती चाळीस पावलंसुद्धा नव्हती.

"थांबा!" तो ओरडला. "माहेरचा लुगडा हाय! थांबा!"

माणसांनी वर पाहिलं. नवसी धावत भिंतीखाली आली, दोन्ही हात वर केले. रामनाथनं साडी फेकली. घडी हवेत उलगडली आणि पदर काचांवर पडला. त्यानं इकडे लोंबणारं टोक ओढून सोडवायला पाहिलं, तर टर्रकन फाटली आणि आणखी दोन काचांत गुंतली. खाली नवसी उड्या मारत होती. तिच्या बोटांपासून काठ हातभर वर लोंबत होता. तिनं बांबू आणला, बांबूनं ढोसलं, साडी आणखी आवळली.

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. दीर घड्याळ बघत होते. नवसीनं बांबू टाकला आणि ती चाळीत पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक साडी होती, निळी, घडीची, बहुतेक दिवाळीसाठी ठेवलेली. ती तिनं दमयंतीच्या अंगावर घातली, पायांपर्यंत नीट ओढली, आणि वर बघून म्हणाली, "बाबा, मी घातला माझा. चालल ना?"

रामनाथला हो म्हणायचं होतं. त्यानं नुसती मान हलवली. चौघांनी उचललं. चिकूच्या खालून, घराच्या बाजूनं, ती पलीकडच्या रस्त्याला गेली. टपावरून त्याला गाडी दिसेनाशी होईपर्यंत दिसली.

संध्याकाळी शैलेश आला. त्यानं गाडीचा खचलेला टप पाहिला, भिंतीवर अडकलेली साडी पाहिली. वर येऊन बापाजवळ बराच वेळ बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर रामनाथ सवयीनं काठीकडे हात नेत होता, तेवढ्यात दिशाचा मोबाइल वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर मेहुलभाईंनी नोटीस टाकली होती. ती वाचून तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"काय हाय?" रामनाथनं विचारलं. "वाच."

"काही नाही, बाबा."

"वाच गं."

दिशानं हळू आवाजात वाचलं, "दिवाळीनिमित्त सर्व सभासदांना शुभेच्छा. कंपाउंडच्या भिंतीवर कपडे वाळत घालू नयेत. सोसायटीची शोभा जाते."

आतल्या खोलीत शैलेश ऐकत होता. तो दारात येऊन उभा राहिला. रामनाथनं काठी परत कोपऱ्यात ठेवली.

"काढायला माणूस पाठव," तो मुलाला म्हणाला. "आनि त्याला सांग, जपून काढ म्हनावं. काचा मी स्वता लावल्यात, त्यांची धार अजून गेली नाय."